दिवसातून चाळीस वेळा तपासलेला हात : फिस्टुलाच्या चिंतेचे एक प्रकरण

चिंतेवरील उपचारात आम्ही समुपदेशक एक गोष्ट बहुधा गृहीत धरून चालतो. भीती मोठी असते, धोका लहान असतो आणि माणूस धोक्याची खात्री करून घेण्यासाठी जे काही वारंवार करतो, ते हळूहळू कमी करत नेले की भीतीही ओसरते. फिस्टुला म्हणजे डायलिसिससाठी रक्त घेता यावे म्हणून हातातली धमनी आणि शीर शस्त्रक्रियेने जोडून तयार केलेली वाट. डायलिसिसच्या रुग्णाला आपल्या या फिस्टुलाविषयी वाटणारी चिंता या चौकटीत नीट बसत नाही, कारण फिस्टुला खरोखरच बंद पडू शकतो आणि तो रोज हात लावून तपासावा असे डॉक्टरांनीच सांगितलेले असते. म्हणजे जी कृती चिंतेचे लक्षण म्हणून कमी करायची, तीच कृती वैद्यकीय कर्तव्य म्हणून चालू ठेवायची असते. हा पेच ज्या प्रकरणात मला सर्वांत स्पष्ट दिसला, ते येथे मांडत आहे. हे एका व्यक्तीचे चरित्र नाही. डायलिसिस विभागात पुन्हा पुन्हा भेटणाऱ्या अनुभवांवरून ते एकत्र बांधलेले आहे.

पूर्वेतिहास

रुग्ण ५२ वर्षांचे गृहस्थ, व्यवसायाने हिशेब तपासनीस. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, असे त्यांचे डायलिसिस चालू होते. पहिला फिस्टुला डाव्या मनगटावर केलेला होता आणि तो १४ महिने उत्तम चालला. एका संध्याकाळी मशीनवर पाणी जरा जास्त काढले गेले, रक्तदाब उतरला, घरी येऊन ते थकून झोपी गेले आणि सकाळी सवयीने मनगटाला हात लावला तेव्हा वाहत्या रक्तामुळे तिथे जाणवणारी थरथर नाहीशी झालेली होती. गुठळी झाली होती. ती काढण्याचा प्रयत्न यशस्वी झाला नाही आणि त्याच दिवशी मानेतल्या शिरेत नळी घालून डायलिसिस करावे लागले.

ती नळी तीन महिने राहिली. त्या काळात डाव्याच हाताच्या कोपराजवळ दुसरा फिस्टुला करण्यात आला आणि शीर पुरेशी फुगून सुई पेलण्याजोगी होईपर्यंत वाट पाहण्यात आली. नळी असताना मोकळेपणाने अंघोळ करता येत नसे, कुशीवर वळताना ओढ बसे आणि थोडी थंडी वाजली तरी जंतुसंसर्ग झाला की काय असे वाटे. ही शेवटची भीती अवाजवी नव्हती. नळीतून रक्तात संसर्ग जाण्याचा धोका फिस्टुलापेक्षा बराच जास्त असतो आणि नळी असलेल्या माणसाने थंडी-ताप कधीच अंगावर काढू नये.

नवा फिस्टुला वापरात येऊन पाच महिने झाले होते. पहिल्याच महिन्यात एकदा सुई शिरेच्या आरपार गेली, दंड सुजला आणि पंधरा दिवस काळानिळा राहिला. त्यानंतर ते एकाच तंत्रज्ञाकडून सुई टोचून घेण्याचा आग्रह धरू लागले. अलीकडे मशीनवर परतीच्या रक्ताचा दाब वाढलेला दिसत होता आणि सुया काढल्यावर रक्त थांबायला नेहमीच्या दहा मिनिटांऐवजी वीसहून अधिक मिनिटे लागत होती. डॉप्लर तपासणीत, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, खांद्याजवळ, जिथे दंडातली ही शीर वळण घेऊन खोलवरच्या मोठ्या शिरेला मिळते तिथे, अरुंदपणा आढळला. फुगा घालून ती जागा रुंद करण्याची तारीख दोनदा ठरली आणि दोन्ही वेळा आदल्या दिवशी फोन करून त्यांनी ती रद्द केली. दुसऱ्या खेपेनंतर त्यांना माझ्याकडे पाठवण्यात आले. चिठ्ठीवर लिहिले होते, ‘रुग्ण घाबरट आहे, समजूत घालावी.’

पहिली भेट

समजूत त्यांना पुष्कळांनी घातली होती, हे पहिल्या पाच मिनिटांतच कळले. चिंतेच्या सात प्रश्नांच्या प्रचलित मापनपट्टीवर त्यांचा गुणांक २१ पैकी १६ आला, म्हणजे तीव्र गटात. आकड्यापेक्षा त्यांच्या रात्रीचे वर्णन अधिक बोलके होते. डावा हात पांघरुणाबाहेर, उशीवर लांब पसरलेला. उजव्या हाताची बोटे दंडावर. झोप लागली की बोटे सुटत आणि बोटे सुटली की दचकून जाग येई. एक स्टेथोस्कोप उशाशी असे. मी विचारल्यावर त्यांनी एक दिवस मोजून पाहिले, तर ते चोवीस तासांत ४१ वेळा फिस्टुला तपासत होते. शिवाय बोटांवर विश्वास उरला नाही की ते पत्नीला उठवत. पुढे पुढे त्याच आपण होऊन विचारू लागल्या होत्या, “अहो, चालू आहे ना?”

सुयांचा हिशेबही त्यांनी मांडून ठेवला होता. आठवड्याला तीन डायलिसिस म्हणजे वर्षाला १५६, प्रत्येक वेळी दोन सुया, म्हणजे वर्षाला ३१२ वेळा टोचणे. “यातली एक जरी चुकली तरी खाते बंद,” असे ते म्हणाले. हे वाक्य मी तसेच लिहून ठेवले. खाते बंद म्हणजे नेमके काय, असे विचारल्यावर त्यांनी तीन पायऱ्या सांगितल्या : फिस्टुला जाणार, पुन्हा मानेत नळी येणार आणि नंतर जागाच उरणार नाही. फुगा घालताना शीर फुटेल अशी त्यांची कल्पना होती. त्यामुळे तारीख रद्द करणे हा त्यांच्या दृष्टीने फिस्टुला वाचवण्याचा मार्ग होता. प्रत्यक्षात अरुंदपणा तसाच राहिला तर प्रवाह मंदावत जातो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणजे ज्या प्रसंगाला ते भीत होते, त्याच्याच दिशेने प्रत्येक टाळाटाळ त्यांना नेत होती. हे त्यांना तर्काने पटत होते. आदल्या संध्याकाळी मात्र फोन उचलला जाई.

इथे माझी एक चूक नोंदवली पाहिजे. सवयीप्रमाणे मी तपासण्याची संख्या आठवड्यागणिक निम्म्यावर आणण्याचा आराखडा तयार केला आणि शेवटची पायरी म्हणून ‘दिवसभर हात न लावता राहणे’ असे लिहिले. तो कागद विभागातल्या ज्येष्ठ सिस्टरांनी पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या, “मॅडम, तपासू नका असं त्यांना सांगता येणार नाही. कधी तपासायचं, कसं तपासायचं आणि तपासल्यावर काय करायचं, ते आपण ठरवून देऊ.” उपचाराची दिशा त्या वाक्याने ठरली, माझ्या आराखड्याने नव्हे.

ठोका आणि थरथर

पुढच्या भेटीत सिस्टर, रुग्ण आणि मी एकत्र बसलो. सिस्टरांनी त्यांना, नेहमी तपासता तसे तपासून दाखवा, असे सांगितले. त्यांनी दंडावर दोन बोटे दाबून ठेवली आणि क्षणभराने म्हणाले, “आज जोरात आहे. छान उडतंय.” सिस्टरांनी स्वतः हात लावला. मग रुग्णाला तो हात डोक्याच्या वर उचलून धरायला लावला आणि शिरेकडे बोट दाखवले. निकोप फिस्टुलाची शीर हात वर केल्यावर बरीचशी ओसरते, कारण रक्त हृदयाकडे विनाअडथळा उतरून जाते. त्यांची शीर तशीच टणक आणि फुगलेली राहिली.

त्यांना तोपर्यंत कोणी फोड करून सांगितलेली नसलेली गोष्ट अशी होती. चांगल्या फिस्टुलावर हलकी बोटे ठेवली तर एक सलग, मऊ थरथर लागते आणि स्टेथोस्कोपने खालच्या पट्टीतली अखंड घरघर ऐकू येते. पुढची वाट अरुंद झाली की रक्त अडते, थरथर कमी होते आणि तिच्या जागी नाडीसारखा ठळक, आपटणारा ठोका लागतो. जो ठोका जोरात लागला की त्यांना हायसे वाटत असे, तो अडथळ्याची खूण होता. पाच महिन्यांतल्या त्या हजारो तपासण्यांमधून त्यांना जो दिलासा मिळाला होता, तो चुकीच्या लक्षणावर उभा होता.

ते रागावले, आणि तो राग मला योग्य वाटला. “म्हणजे मी इतके दिवस भलतंच खातं तपासत होतो,” ते म्हणाले आणि थोड्या वेळाने, “आणि रक्त थांबत नाही असं मी सांगितलं तेव्हा मला घाबरट म्हणून लिहिलंत.” हेही खरे होते. रक्त थांबायला वेळ लागतो अशी तक्रार त्यांनी डॉप्लरच्या तीन आठवडे आधी तोंडी केली होती आणि ती कोणी लिहून घेतली नव्हती. ज्याची ओळख एकदा चिंताग्रस्त म्हणून झाली, त्याचे खरे निरीक्षणही चिंतेच्या खाती जमा होते. डायलिसिस विभागात हे होऊ नये म्हणून वेगळी दक्षता घ्यावी लागते, असे माझे मत या प्रकरणानंतर पक्के झाले. विभागाने त्यांची स्पष्ट शब्दांत क्षमा मागितली. श्वासाच्या कोणत्याही व्यायामापेक्षा त्या क्षमायाचनेचा उपयोग अधिक झाला असावा.

वारंवार तपासण्याविषयी मला जे सांगायचे होते, ते यानंतर सांगणे सोपे गेले. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा तपासल्याने खात्री वाढण्याऐवजी घटते, हे तपासण्याच्या सक्तीविषयीच्या संशोधनातून दिसून आले आहे. शिवाय बोटे बराच वेळ दाबून ठेवली की त्यांची जाणीव बोथट होते आणि थरथर क्षीण झाल्याचा भास होतो. दिवसातली पहिली तपासणी माहिती देते. विसावी तपासणी फक्त शंका देते. हिशेबनिसाला हा युक्तिवाद लगेच उमगला. तीच पावती वीसदा बेरजेत धरली तर रक्कम वाढत नाही, घोळ वाढतो, असे त्यांनीच म्हटले.

वहीतले रकाने

त्यानुसार एक वही आखण्यात आली. तपासणी दिवसातून तीन वेळा : सकाळी उठल्यावर, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी. प्रत्येक तपासणी एक मिनिटाची आणि ठरलेल्या क्रमाने, आधी पाहायचे, म्हणजे लाली, सूज, पातळ होऊन चकाकणारी त्वचा किंवा न भरलेली खपली आहे का, मग हात वर करून शीर ओसरते का ते बघायचे, मग ऑपरेशनच्या व्रणाजवळच्या एकाच ठरावीक जागी हलकी बोटे ठेवायची, शेवटी ऐकायचे. वहीत एक ओळ लिहायची आणि वही मिटायची. रक्तदाब उतरला, उलट्या-जुलाब झाले, हात कशाखाली दबला किंवा दंडात दुखू लागले, तर जादा तपासणी करावी. केवळ मनात आले म्हणून करू नये.

सगळ्यांत महत्त्वाचा रकाना शेवटचा होता, आणि तोच आतापर्यंत कोरा राहिला होता : काय आढळले तर काय करायचे. थरथर आणि घरघर दोन्ही नाहीशी झाली असतील, तर चोळत बसायचे नाही, सकाळची वाट पाहायची नाही, त्याच क्षणी विभागाला फोन करायचा. गुठळी काढून फिस्टुला पुन्हा सुरू करण्याची शक्यता पहिल्या काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, सर्वाधिक असते. फिस्टुलातून रक्त वाहू लागले, तर नेमक्या त्या जागी बोटांनी घट्ट दाब द्यायचा, हात उंच धरायचा आणि तातडीची मदत बोलवायची. रक्त थांबायला सलग दोन वेळा वीस मिनिटांहून अधिक लागले, तर पुढच्या डायलिसिसला तोंडी न सांगता लेखी द्यायचे. रात्री अडीच वाजताच्या भीतीला यापूर्वी करण्यासारखे काहीच नसे, म्हणून ती बोटांत जाऊन बसत असे. आता तिच्यासमोर एक दूरध्वनी क्रमांक होता.

पत्नीशी स्वतंत्रपणे बोलणे झाले. त्यांनी रात्री उठून हात लावून पाहणे थांबवायचे आणि “चालू आहे ना?” याऐवजी “वहीत काय लिहिलंय?” असे विचारायचे, इतकेच ठरले. पहिल्या आठवड्यात हे वाक्य त्यांना निष्ठुर वाटले. तपासण्या ४१ वरून १२ वर, मग सहावर आल्या. तीनवर यायला पाच आठवडे लागले आणि मध्ये एकदा, मशीनवर रक्तदाब उतरलेल्या रात्री, त्या पुन्हा वीसवर गेल्या. त्या रात्रीला मी अपयश मानले नाही. पहिला फिस्टुला ज्या परिस्थितीत गेला, तीच परिस्थिती पुन्हा उद्भवली होती.

सुयांच्या भीतीसाठी फार वेगळे काही करावे लागले नाही. टोचण्यापूर्वी सुमारे तासभर बधिर करणारे मलम, टोचताना उच्छ्वास लांबवणे आणि विभागाकडून एक लेखी नियम : एका व्यक्तीने दोनदाच प्रयत्न करायचा, नंतर दुसऱ्या अनुभवी व्यक्तीला बोलवायचे. एकाच तंत्रज्ञाचा आग्रह त्यांनी आपण होऊन सोडला, कारण तो तंत्रज्ञ रजेवर गेला की काय, याचीच एक नवी चिंता त्यातून तयार झाली होती. सुई पाहून ज्यांना चक्कर येते त्यांच्यासाठी निव्वळ शिथिलीकरण उपयोगाचे नसते, स्नायू ताणून रक्तदाब सावरावा लागतो आणि तेही पाय व दुसरा हात वापरून, फिस्टुलाचा हात सैल ठेवून; परंतु या रुग्णाला चक्कर येत नसे, म्हणून ते तंत्र वापरले नाही.

‘जागाच उरणार नाही’

ही भीती वहीने जाणारी नव्हती, कारण ती आजच्या हाताविषयी नव्हती. आमच्या विनंतीवरून शल्यचिकित्सकांनी अर्धा तास दिला. ‘माझ्याच शिरा वाईट का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. शिरेची भिंत धमनीचा दाब सोसण्यासाठी घडलेली नसते, असे डॉक्टरांनी समजावले. फिस्टुला केल्यावर त्या दाबाखाली ती रुंद आणि जाड होते, म्हणूनच ती वारंवार सुई पेलू शकते, आणि हीच जाड होण्याची प्रक्रिया एखाद्या वळणावर हद्द ओलांडते तेव्हा वाट अरुंद होते. त्यांच्या खांद्याजवळची ती जागा या प्रकारच्या फिस्टुलात अरुंद होण्यासाठी ओळखीचीच आहे. त्यात त्यांचा निष्काळजीपणा नव्हता, आणि त्यांच्या जागत्या रात्रींनी ते टळलेही नसते.

बोलता बोलता डॉक्टरांनी जुना इतिहास सांगितला. १९६० मध्ये अमेरिकेतील डॉक्टर स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनची नळी वापरून धमनी आणि शीर हाताच्या बाहेरून जोडली, तेव्हा दीर्घकाळ डायलिसिस प्रथमच शक्य झाले. त्वचेखालचा फिस्टुला ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण ऐकत होते. मग म्हणाले, “त्या बाहेरच्या नळीत निदान रक्त वाहताना दिसत तरी असेल.” डॉक्टर हसले आणि म्हणाले की दिसत असे, गुठळी झालेलीही दिसत असे, आणि ती वरचेवर होत असे.

त्यानंतर एका कोऱ्या कागदावर दोन्ही हातांची आकृती काढून पुढचे पर्याय क्रमाने लिहिले गेले. हा फिस्टुला टिकवण्यासाठी फुगा, गरज पडल्यास पुन्हा फुगा. तो गेलाच तर उजव्या हातातल्या जागा. त्यानंतर ग्राफ्ट, म्हणजे धमनी आणि शीर जोडणारी त्वचेखालची कृत्रिम नळी. मानेतल्या नळीसारखीच, पण त्वचेखालून नेलेली दीर्घकाळची नळी. पोटातून करायचे डायलिसिस. आणि या सगळ्याच्या जोडीने प्रत्यारोपणाची तयारी. अमेरिकेतील नॅशनल किडनी फाउंडेशनच्या २०१९ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रत्येक रुग्णासाठी अशी आयुष्यभराची योजना त्याच्यासह बसून आखावी, असा आग्रह आहे. चिंतेच्या दृष्टीने तिचे महत्त्व मला त्या दिवशी कळले. त्या कागदावरचा प्रत्येक पर्याय सुखाचा नव्हता, परंतु ‘खाते बंद’ या शब्दांना कागदावर कुठे जागा मिळाली नाही.

फुग्याचा दिवस

तिसऱ्या तारखेच्या चार दिवस आधी त्यांनी ती खोली रिकामी असताना पाहून घेतली : टेबल, पडदा, हात ठेवण्याची फळी. गुंगीचे औषध घ्यायचे की नाही, हा निर्णय त्यांच्यावर सोपवण्यात आला आणि त्यांनी जागे राहणे पसंत केले. शीर फुटण्याची शक्यता डॉक्टरांनी नाकारली नाही; तसे क्वचित होते, आणि झाले तर तोच फुगा आतून काही वेळ दाबून धरणे किंवा जाळीची नळी बसवणे हे उपाय हाताशी असतात, असे सांगितले. ‘काही होणार नाही’ असे कोणीही म्हटले नाही. त्यांना ते वाक्य नकोच होते.

आदल्या संध्याकाळी त्यांनी फोन केला. रद्द करण्यासाठी नव्हे, तर रद्द करावेसे वाटते आहे, हे सांगण्यासाठी. तसे करायचे आमचे आधीच ठरले होते. दहा मिनिटे बोलणे झाले.

प्रक्रिया पाऊण तास चालली. बधिर करण्याचे इंजेक्शन, शिरेत बारीक नळी, औषध सोडून पडद्यावर दिसलेली अरुंद जागा. फुगा फुगतो तेव्हा बधिर केलेल्या जागेच्या पुढे, खांद्यात, कळ येते आणि त्याविषयी अनेकांना आधी सांगितलेले नसते. यांना सांगितले होते, आणि उजव्या हाताचे बोट उचलले की फुगा उतरवायचा असा संकेतही ठरला होता. दोनदा फुगवला, त्यांनी एकदा बोट उचलले आणि फुगा तत्काळ उतरवण्यात आला. दहापैकी नऊ दुखेल असा त्यांचा अंदाज होता, नंतर त्यांनी सहा लिहिले. त्याखाली वहीतली रात्रीची ओळ होती : ‘ठोका मऊ. थरथर सलग. हात वर केल्यावर शीर उतरते.’

सहा आठवड्यांनी मापनपट्टीवरचा गुणांक ८ झाला. औषधाचा प्रश्न सुरुवातीला मनोविकारतज्ज्ञांसमोर ठेवला होता. झोप सुधारत गेल्यामुळे आणि मूत्रपिंड निकामी असताना अनेक औषधांच्या मात्रा जपून ठरवाव्या लागत असल्यामुळे तूर्त थांबण्याचे ठरले. भीती तीव्र राहिली असती किंवा नैराश्य दिसले असते, तर तो निर्णय वेगळा झाला असता.

फुग्याने रुंद केलेली जागा काही महिन्यांनी पुन्हा अरुंद होणे सामान्य आहे, विशेषतः खांद्याजवळच्या त्या वळणावर. पाचव्या महिन्यात त्यांनी डायलिसिसला आल्या आल्या सिस्टरांच्या हातात वही ठेवली. सलग दोन नोंदी होत्या, २२ मिनिटे आणि २५ मिनिटे, आणि खाली लाल शाईने ‘ठोका परत आला’. सिस्टरांनी ते विभागाच्या नोंदवहीत उतरवून घेतले, दाब आणि डॉप्लर पाहून त्याच आठवड्यातली तारीख दिली. ती त्यांनी पाळली. रात्री डावा हात अजूनही पांघरुणाबाहेरच असतो; त्यावर काम करायचे का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी थोडा विचार करून ‘नको’ म्हटले.